ड्रायव्हर ठीक, स्पीकर ठीक, तरी आवाज नाही: एका जुन्या संगणकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षकांकडे २००४ च्या सुमारास जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यांची ओळख इथे देत नाही. त्यांना काका म्हणतो. मशीनमध्ये पेंटियम ४ प्रोसेसर, इंटेलच्या ८६५ चिपसेटचा मदरबोर्ड, ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची आयडीई हार्डडिस्क आणि विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, हे काकांना ठाऊक आहे. म्हणून त्याला इंटरनेट जोडलेलेच नाही. बँक, व्हॉट्सॲप, फोटो हे सगळे फोनवर चालते. संगणक एकाच कामाला ठेवला आहे: कॅसेटवरचा आवाज फाइलमध्ये उतरवून घेणे.

या कॅसेटी त्यांच्या भजनी मंडळाच्या आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकात एकादशीची भजने, काकड आरती, सप्ताहातली कीर्तने एका टेपरेकॉर्डरवर टिपली गेली. त्यातले बरेच गाणारे आणि पखवाज वाजवणारे आता हयात नाहीत, आणि या कॅसेटींची दुसरी प्रत कुठेच नाही. फीत जुनी झाली आहे; काही कॅसेटींमध्ये फीत हेडवर दाबून धरणारा फोमचा तुकडा गळून पडला आहे. अशी कॅसेट जितकी कमी फिरेल तितके बरे. त्यामुळे काका प्रत्येक कॅसेट शक्यतो एकदाच लावतात, आणि त्या एका वेळी ती नीट उतरली पाहिजे असा त्यांचा आग्रह असतो. कॅसेट डेकमधून निघालेली वायर संगणकाच्या मागच्या निळ्या लाइन-इनमध्ये, म्हणजे बाहेरच्या यंत्राचा आवाज आत घेणाऱ्या छिद्रात जाते आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असे रेकॉर्डिंग होते. साठ मिनिटांच्या कॅसेटला या हिशेबाने साधारण ६३५ एमबी जागा लागते.

नवा लॅपटॉप का नाही, हा प्रश्न घरात बरेचदा निघाला होता. त्याचे उत्तर लाइन-इनमध्ये आहे. आजच्या बहुतेक लॅपटॉपवर हेडफोन आणि माइक यांचे एकच छिद्र असते; त्यातून आत जाणारा आवाज माइकच्या पातळीचा आणि मोनो. डेकचा स्टिरिओ आवाज तिथे दिला तर तो फाटतो किंवा दोन्ही बाजू एकत्र होऊन बसतात. जुन्या डेस्कटॉपवरचे ते निळे छिद्र काकांच्या कामाचे आहे, आणि त्यांचा हट्ट मला रास्तच वाटतो.

अडचण

एका दुपारी एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, जळाला. गावातल्या दुकानात मशीन गेले. पॉवरचे बटणही ढिले झालेले होते, म्हणून दुकानदाराने नव्या एसएमपीएसबरोबर एक बऱ्या स्थितीतले जुने कॅबिनेट सुचवले आणि मदरबोर्डसकट सगळे त्यात बसवून दिले. मशीन घरी आले, सुरू झाले, फाइली जागेवर होत्या. आवाज मात्र नव्हता.

काकांनी एका ओळखीच्या तंत्रज्ञाला बोलावले. त्याने ड्रायव्हर (विंडोजला आवाजाची चिप चालवू देणारा प्रोग्रॅम) काढून पुन्हा टाकला, उपयोग झाला नाही. मग त्याने सांगितले की विंडोज खराब झाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल. इथे काकांनी हात आखडला आणि मला फोन केला.

"अहो, स्पीकरातनं काहीच येईना. आणि तो म्हणतोय सगळं पुसून टाकायला लागेल. पण मी कॅसेट लावली तर ऑडॅसिटीतली ती पट्टी हलतीय बघा."

त्या शेवटच्या वाक्याने प्रकरणाला दिशा दिली. आवाज गेला म्हणून बोलावणारे लोक सहसा फक्त काय होत नाही ते सांगतात. काकांनी काय होते आहे तेही सांगितले.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

पहिला निर्णय आवाजाशी थेट संबंधित नव्हता. उतरवलेली भजने सी ड्राइव्हवरच, माय डॉक्युमेंट्समध्ये होती आणि तीही दुसरीकडे कुठे नव्हती. काकांच्या पुण्यातल्या मुलीने दिलेली एक पोर्टेबल हार्डडिस्क घरात पडून होती. आधी सगळ्या फाइली तिच्यावर घेतल्या, दोन-तीन फाइली तिथून उघडून खात्री केली आणि मगच पुढे गेलो. इतक्या जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर कोणतेही काम काढताना हा क्रम मी बदलत नाही. ड्रायव्हरचे काम निघाले म्हणून फाइली गमावलेली घरे पाहिली आहेत.

कोणते पर्याय समोर होते

फॉरमॅटचा पर्याय सर्वांत सोपा दिसत होता आणि सर्वांत महागडा होता. मदरबोर्डची ड्रायव्हर सीडी घरात सापडत नव्हती, एक्सपी पुन्हा टाकून ॲक्टिव्हेट करण्याची कटकट होती, आणि मुख्य म्हणजे विंडोजमध्येच दोष आहे याचा एकही पुरावा समोर नव्हता.

मुलीने यूएसबी साउंड कार्ड सुचवले होते. दोन-तीनशे रुपयांत मिळते, एक्सपीला वेगळा ड्रायव्हरही लागत नाही. ऐकण्यापुरते ते चालले असते. पण या स्वस्त कार्डांचे इनपुट माइकचे आणि मोनो असते, म्हणजे रेकॉर्डिंग मदरबोर्डच्या लाइन-इनमधूनच करावे लागले असते. ऐकणे एका कार्डावर, उतरवणे दुसऱ्यावर, आणि ऑडॅसिटीत दर वेळी दोन्ही यादींतून योग्य नाव निवडणे. सत्तरीपुढच्या माणसाला हे जमणार नाही असे मुळीच नाही, पण एका चुकीच्या निवडीने एखादी कॅसेट वाया गेली तर ती पुन्हा फिरवावी लागणार. म्हणून हा पर्याय राखीव ठेवला. जुने पीसीआय साउंड कार्ड मिळवून बसवणे हा आणखी एक मार्ग होता, पण कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर दोन्ही शोधावे लागले असते.

उरला तो दोष शोधण्याचा मार्ग. खर्च फक्त वेळेचा होता आणि यातले काहीही केले तरी माघारी फिरता येत होते.

आवाज कुठपर्यंत पोहोचतो

आवाज फाइलमधून निघून स्पीकरपर्यंत जातो ती वाट ठरलेली असते: प्रोग्रॅम, विंडोजचा मिक्सर, ड्रायव्हर, मदरबोर्डवरची कोडेक नावाची चिप (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग आणि ॲनालॉगचा डिजिटल करणारी), तिथून तांब्याच्या रेषा, मागचे हिरवे छिद्र, वायर, स्पीकर. तपासायचे ते इतकेच की वाटेत आवाज शेवटचा कुठे दिसतो.

स्पीकर फोनला लावून पाहिले, वाजले. हेडफोन मागच्या हिरव्या छिद्रात लावला, शांतता. तो हिरवाच आहे, निळा नाही, हे टॉर्च मारून पाहिले. जुन्या मशीनवर धुळीने रंग ओळखू येत नाहीत. व्हॉल्यूम कंट्रोल उघडून मास्टर आणि वेव्ह दोन्हींच्या म्यूटच्या खुणा पाहिल्या, नव्हत्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एसी ९७ ऑडिओ (मदरबोर्डवरच्या आवाजाची इंटेलची त्या काळची रचना) दिसत होता, पिवळी खूण नव्हती. विंडोजच्या डीएक्सडायग या तपासणीच्या प्रोग्रॅममधली ध्वनीची चाचणी तक्रार न करता पूर्ण झाली, फक्त ऐकू काही आले नाही. सुरू होताना मशीन 'बीप' करत होते, पण त्यावरून काही ठरवता येत नाही. ती बीप कॅबिनेटमधल्या वेगळ्या छोट्या स्पीकरची असते.

मग काकांनी सांगितलेली गोष्ट घेतली. एक बिनमहत्त्वाची कॅसेट लावून थोडे रेकॉर्ड केले, फाइल पेन ड्राइव्हने फोनवर ऐकली. टाळ, मृदंग, सगळे स्वच्छ. म्हणजे कोडेक जिवंत, ड्रायव्हर जिवंत, आत येणारी वाट मोकळी.

याने बाहेर जाणाऱ्या वाटेबद्दल मात्र काही सिद्ध होत नाही. चिपचा बाहेर आवाज देणारा भाग जळलेला असू शकतो, आणि एसएमपीएस नुकताच गेला होता, तेव्हा ती भीती खरी होती. इथे एसी ९७ च्या रचनेचा एक फायदा होतो. तिच्या रेकॉर्डिंगच्या यादीत 'स्टिरिओ मिक्स' नावाचा स्रोत असतो, आणि तो कोडेकच्या आतल्या मिक्सरमधूनच आवाज घेतो, म्हणजे डिजिटलचा आवाज ॲनालॉग झाल्यानंतरचा. एक जुनी फाइल वाजवत ठेवून स्टिरिओ मिक्सवर रेकॉर्ड केले. भजन जसेच्या तसे उतरले. तेव्हा आवाज चिपच्या मिक्सरपर्यंत नक्की पोहोचत होता. दोष त्यानंतरच्या काही इंचांत होता.

निर्णयाची पहिली जागा: कॅबिनेट उघडावे की आधी विंडोज पूर्ण बाजूला काढावी

स्टिरिओ मिक्स मास्टर व्हॉल्यूमच्या आधीचा आवाज घेतो. म्हणजे मास्टरच्या टप्प्यावर विंडोज किंवा ड्रायव्हर काही बंद ठेवत असेल तर ही चाचणी ते पकडणार नाही. म्हणून पपी लिनक्सची सीडी लावून मशीन तिच्यावरून सुरू केले. हार्डडिस्कला हात न लावता दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम रॅममधून चालते, आणि ५१२ एमबीत पपी आरामात बसते. तिने इंटेलच्या एसी ९७ चा ड्रायव्हर आपोआप उचलला. मिक्सरमध्ये मास्टर आणि पीसीएम वर नेले. 'एक्स्टर्नल ॲम्प्लिफायर' असे एक बटण तिथे असते. काही मदरबोर्डांवर ते उलटे बसले की सगळे मुके होते. ते चालू करून पाहिले, बंद करून पाहिले. तीच शांतता.

दोन वेगळ्या सिस्टिम, दोन वेगळे ड्रायव्हर, दोष एकच. फॉरमॅटचा पर्याय इथे कायमचा निकालात निघाला.

ही पायरी गाळता आली असती का? दुकानातून आल्यावरच आवाज गेला होता, तेव्हा थेट कॅबिनेट उघडणेही चुकीचे ठरले नसते. तरी मी ती पुन्हा करीन. काकांना एका माणसाने फॉरमॅट सांगितले होते. दुसऱ्या माणसाने नुसते 'नको' म्हणण्यापेक्षा त्यांच्या डोळ्यांसमोर ते खोडून निघणे महत्त्वाचे होते.

कॅबिनेटमध्ये काय दिसले

वायर काढून, बटण दाबून उरलेला करंट जाऊ दिला, उघड्या धातूला हात लावला आणि बाजूचा पत्रा काढला. ऑडिओच्या छिद्रांच्या मागे, बोर्डाच्या कडेला नऊ पिनांचा एक छोटा हेडर, म्हणजे वायर खोचायच्या उभ्या पिनांचा गट होता. (क्रमांक दहापर्यंत असतात, आठवी पिन गाळलेली असते.) पिना उघड्या. शेजारी कॅबिनेटच्या पुढच्या हेडफोनची काळी वायर केबल टायने बांधून लोंबत ठेवलेली. तिच्या टोकाच्या ठोकळ्यावर लिहिले होते: एचडी ऑडिओ.

इथे दोष सापडला. तो समजायला या हेडरची रचना माहीत असावी लागते. एसी ९७ च्या काळातल्या बऱ्याच मदरबोर्डांवर मागच्या हिरव्या छिद्राकडे जाणारा आवाज थेट जात नसे. तो आधी या हेडरवर येई, तिथून वायरने कॅबिनेटच्या पुढच्या छिद्राकडे जाई आणि तिथून परत हेडरवर येऊन मग मागे जाई. उजव्या बाजूचा आवाज पिन ५ वरून निघतो आणि ६ वर परततो. डावीचा ९ वरून निघतो आणि १० वर परततो. पुढच्या छिद्रात हेडफोन खुपसला की त्यातली पट्टी उचलली जाते, परतीची वाट तुटते आणि मागचे स्पीकर बंद होतात. पुढचे छिद्र शेजाऱ्याच्या अंगणातून फिरून आलेल्या पाण्याच्या लाइनीसारखे आहे: मध्ये पाइप काढला तर मागच्या घराला पाणी नाही.

काकांचे आधीचे कॅबिनेट त्याच काळातले होते. त्याच्या सुट्या वायरींतल्या परतीच्या वायरी या पिनांवर जोडलेल्या होत्या आणि वाट पूर्ण होत होती. कॅबिनेट बदलले तेव्हा त्या वायरी जुन्या डब्याबरोबर गेल्या. नव्या कॅबिनेटची वायर जुळणारी नाही हे दुकानात कोणाच्या तरी लक्षात आले असावे, कारण ती नीट बांधून ठेवली होती. पण रिकाम्या पिनांवर जंपर, म्हणजे दोन पिना एकमेकींना जोडणाऱ्या छोट्या टोप्या हव्यात, ही गोष्ट राहिली. लाइन-इन या हेडरवरून जात नाही, म्हणून रेकॉर्डिंगला धक्का लागला नव्हता.

निर्णयाची दुसरी जागा: एचडीची वायर जोडावी का

ठोकळा हेडरवर बसत होता. नऊ छिद्रे, गाळलेली पिनही त्याच जागी. काकांनी विचारले, "मग हीच लावून टाकूया की?" पुढचा हेडफोनही चालू झाला असता असे त्यांना वाटले.

लावली नाही. इंटेलने २००४ मध्ये आणलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओत याच पिनांची कामे बदलली. तिथे ६ आणि १० या पिना छिद्रात काही खुपसले आहे का हे ओळखण्यासाठी आहेत. आवाज परत आणण्यासाठी नाहीत. ती वायर एसी ९७ च्या बोर्डावर लावली तर पुढे कदाचित आवाज येईल, मागे येणार नाही. त्याशिवाय जुन्या बोर्डावर पिन ४ वर ५ व्होल्टचा पुरवठा असतो. त्या पिनेला दुसरे काम देणारी वायर तिथे खोचणे मला पटत नाही.

कृती

दोन जंपर लागणार होते. काकांच्या माळ्यावर एक बंद पडलेला सीडी ड्राइव्ह होता. त्याच्या मागे मास्टर-स्लेव्हचा जंपर असतो. दुसरा एका जुन्या हार्डडिस्कवरून काढला. दोन्हींच्या पिनांमधले अंतर या हेडरइतकेच, २.५४ मिलिमीटर असते, त्यामुळे ते चपखल बसतात.

पिना मोजताना घाई केली नाही, कारण चूक झाली तर इथे किंमत मोजावी लागते. हेडरच्या दोन ओळी असतात: एकीत १, ३, ५, ७, ९ आणि दुसरीत २, ४, ६, मग एक रिकामी जागा, मग १०. ती रिकामी जागा म्हणजे आठवी पिन, आणि दिशा तिच्यावरून कळते. जंपर आडवे बसवायचे, एका ओळीतून दुसऱ्या ओळीत: गाळलेल्या पिनेच्या एका बाजूला ५-६, दुसऱ्या बाजूला ९-१०. ते उभे बसले आणि २-४ जोडले गेले तर ५ व्होल्ट सरळ ग्राउंडला भिडतात. जवळच यूएसबीचाही नऊ पिनांचा हेडर होता. त्याची गाळलेली पिन अगदी कोपऱ्यात असते, ऑडिओची कोपऱ्याच्या अलीकडे. काकांनी टॉर्च धरला, मी चिमट्याने जंपर बसवले, मग दोघांनी पुन्हा मोजून पाहिले.

मशीन सुरू केले. एक्सपीची सुरुवातीची धून आली, पण उजव्या बाजूला खरखर होती. ५-६ चा जंपर काढून दोन-तीनदा वर-खाली केला, पिनांवरची काळपट गंज खरवडली गेली आणि आवाज साफ झाला.

निकाल

काका त्याच संध्याकाळी कामाला लागले. फॉरमॅट नाही, नवे कार्ड नाही, खर्च शून्य. एक गोष्ट मात्र कायमची गेली: या कॅबिनेटचे पुढचे हेडफोनचे छिद्र आता शोभेपुरते आहे. रात्री घरात सगळे झोपल्यावर हेडफोनवर ऐकायची काकांची सवय होती, म्हणून मागच्या हिरव्या छिद्रातून एक लांब ३.५ मिलिमीटरची वायर टेबलाच्या कडेपर्यंत आणून ठेवली. पोर्टेबल डिस्कवरची नक्कल आता ते प्रत्येक कॅसेटनंतर घेतात, आणि ती डिस्क मशीनला जोडलेली न ठेवता कपाटात ठेवतात.

वेगळे काय करता आले असते

कॅबिनेट बदलण्याआधी बोर्डावर लागलेल्या सगळ्या वायरींचा फोनने एक फोटो काढला असता तर परतीच्या दोन वायरी कुणाच्याही नजरेतून सुटल्या नसत्या. मशीन परत घेताना दुकानात मॉनिटरवर चित्र आले की काम झाले असे धरले जाते; एक हेडफोन बरोबर नेऊन मागच्या छिद्रात लावून पाहावा, दोन मिनिटांचे काम आहे.

पहिल्या तंत्रज्ञाने ड्रायव्हर पुन्हा टाकला, त्यात गैर काही नव्हते. तो टाकूनही फरक पडला नाही तेव्हा मात्र त्याने काकांना एकच विचारायला हवे होते: आवाज शेवटचा कधी होता आणि त्यानंतर मशीनला काय काय झाले? त्या उत्तरात कॅबिनेट आले असते आणि विंडोज पुसण्याची गोष्ट निघालीच नसती.

हा इलाज सगळ्या जुन्या मशीनना लावू नये. एचडी ऑडिओच्या बोर्डांवर मागचे छिद्र या हेडरवर अवलंबून नसते, आणि तिथे ५-६, ९-१० वर जंपर घालण्याचे कारण नाही. अशा बोर्डावर पुढचे किंवा मागचे छिद्र मुके झाले तर रिअलटेकच्या ऑडिओ मॅनेजरमधली पुढच्या पॅनेलची ओळख बंद करून पाहावी, आणि बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) पुढच्या पॅनेलसाठी एसी ९७ निवडले आहे की एचडी ते पाहावे. आपला बोर्ड कोणता हे हेडरशेजारच्या छापील अक्षरांवरून नेहमी कळत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधले नाव पाहावे, किंवा बोर्डाचे मॉडेल वाचून त्याचे मॅन्युअल उघडावे. त्यात या पिनांचे चित्र दिलेले असते.